हलके सर्व्हर : मोठ्या प्रणालींची लहान संगणकावर चाचणी

पिंपळनेर (ता. साक्री) : धुळे, नाशिक वा पुण्यात अभियांत्रिकी शिकून सुटीत गावी येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ बहुधा चार किंवा आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप असतो. बँक, विमा वा बाजार समितीच्या कारभारासाठी जावा भाषेत लिहिली जाणारी मोठी उपयोजने, म्हणजेच एंटरप्राइज ॲप्लिकेशन्स, पूर्वी ज्या सर्व्हरवर चालत, ते अशा यंत्रावर सुरू होण्यासच काही मिनिटे घेत. एक ओळ बदलली की पुन्हा तेवढीच प्रतीक्षा, त्यात मध्येच वीज गेली तर सारेच मुसळ केरात. विकास आणि चाचणीसाठी हलके सर्व्हर पुढे आले ते या अडचणीतून.

सन मायक्रोसिस्टिम्सने डिसेंबर १९९९मध्ये जे२ईई हे मानक जाहीर केले. त्याच वर्षी सनने आपला सर्व्हलेट सर्व्हर अपाचे प्रतिष्ठानकडे सोपविला आणि त्यातून टॉमकॅट आकारास आला. टॉमकॅट वेबपृष्ठांपुरते काम चोख करतो, मात्र संपूर्ण मानक पुरवीत नाही. त्यासाठी वाइल्डफ्लाय (पूर्वीचा जेबॉस, नवे नाव २०१४पासून) किंवा आयबीएमचा लिबर्टी हे पर्याय आहेत. २०१२मध्ये आलेल्या लिबर्टीची युक्ती साधी आहे : संरचनेच्या फाइलमध्ये जेवढ्या सुविधा लिहाव्यात तेवढ्याच मेमरीत उतरतात. त्याची मुक्त आवृत्ती, ओपन लिबर्टी, २०१७पासून विनामूल्य मिळते.

उभारणी अवघड नाही. प्रथम जावाचा विकाससंच बसवून जावा-होम हा मार्ग नोंदवावा. टॉमकॅटची झिप फाइल उघडून 'बिन' फोल्डरमधील स्टार्टअप चालविले की ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर सर्व्हर उभा राहतो. तयार झालेली वॉर फाइल 'वेबॲप्स'मध्ये ठेवली की काम झाले. कमाल मेमरीची मर्यादा ५१२ एमबी ठेवली तरी लहान प्रणालीस ती सहसा पुरते. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा. जकार्ता ईई ९पासून (२०२०) जावा ईईच्या पॅकेजांची नावे 'जावाएक्स'ऐवजी 'जकार्ता' अशी झाली. त्यामुळे टॉमकॅट ९वर चालणारे जुने उपयोजन टॉमकॅट १०वर जसेच्या तसे चालत नाही, आणि नवशिक्याचा अख्खा दिवस त्यात जातो.

चाचणीसाठी एचटू हा मेमरीतच राहणारा डेटाबेस सोयीचा ठरतो. सर्व्हर थांबताच विदा पुसली जाते आणि प्रत्येक चाचणी कोऱ्या पाटीवर सुरू होते. खरी फसगत होते तीही इथेच. समजा, कांदा उत्पादकांच्या नोंदीत गावाच्या नावासाठी २० लांबीचा रकाना ठेवला आहे. एचटू अक्षरचिन्हे मोजतो. 'पिंपळनेर'मध्ये काना-मात्रा-अनुस्वार धरून आठ चिन्हे असल्याने नोंद बिनतक्रार होते. ओरॅकलमध्ये मात्र असा रकाना, वेगळे सांगितले नसल्यास, बाइटमध्ये मोजला जातो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, म्हणजे 'पिंपळनेर' २४ बाइटचे. नोंद नाकारली जाते. गंमत अशी की 'धुळे' १२ आणि 'साक्री' १८ बाइटमध्ये बसतात! नमुना म्हणून केवळ तीच गावे घेणाऱ्यास दोष कधी दिसणारच नाही आणि अडेल तो पिंपळनेरचा शेतकरी. रिकामा मजकूर आणि 'मूल्य नाही' यांत ओरॅकल भेद करीत नाही, एचटू करतो, हाही असाच सापळा.

जावा १८पूर्वी (२०२२) विंडोजवर मूळ लिपिसंकेतही यूटीएफ-८ नसे. फाइल वाचताना संकेत स्पष्ट दिला नसल्यास मराठी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत.

यावर उपाय म्हणजे रोजच्या चाचण्या एचटूवर, तर दिवसाअखेरची फेरी खऱ्या डेटाबेसवर घेणे. डॉकरमुळे असा डेटाबेस लॅपटॉपवरही तात्पुरता उभारता येतो. ओरॅकलची विनामूल्य आवृत्ती दोन जीबी मेमरीपर्यंतच वापरते. चार जीबीच्या यंत्रावर मात्र ती जड जाते, तेव्हा हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उरकणे बरे.

सुरक्षेबाबत हयगय नको. टॉमकॅटच्या व्यवस्थापन पृष्ठासाठी सुरुवातीस कोणताही वापरकर्ता नोंदलेला नसतो. तो नोंदताना अनेकजण 'ॲडमिन' हेच नाव आणि तोच परवलीचा शब्द ठेवतात. चाचणीचा सर्व्हर १२७.०.०.१ या स्थानिक पत्त्यापुरताच बांधावा, म्हणजे सायबर कॅफेच्या वा वसतिगृहाच्या जाळ्यावरून कोणी त्यात शिरू शकणार नाही.