एका बैलगाडीचे किती आकडे? सिग्नलवरचा वैताग आणि संशोधनाचा प्रश्न

पुण्यात पीएचडीसाठी आलो तेव्हा पहिल्या महिन्यात मी एकच गोष्ट मनापासून शिकलो, ती म्हणजे सिग्नलवर उभं राहणं. खोलीपासून विद्यापीठापर्यंत वाटेत सात सिग्नल. त्यातल्या एकावर लाल आकडा १४० पासून खाली यायचा. हिरवा लागला की पुढची तीस-चाळीस वाहनं निघायची, आणि माझी बस पुन्हा तिथंच. मी बुलढाणा जिल्ह्यातला, खामगाव तालुक्यातल्या एका गावातला. आमच्याकडे घाई नसते असं नाही, पण घाईला असा सेकंदांचा हिशेब नसतो.

त्या वैतागात मी संशोधनाचा पहिला प्रस्ताव लिहिला: ‘महानगरांतील वाहतूक कोंडी: एक ऐतिहासिक अभ्यास’. मार्गदर्शक मॅडमनी दोन पानं वाचली आणि परत दिली. म्हणाल्या, “हा तुझा वैताग आहे. प्रश्न कुठंय?”

ही पोस्ट त्या वाक्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता प्रस्ताव लिहायच्या तयारीत असाल, आणि बहुतेकांचा विषय कुठल्या तरी वैतागातूनच आलेला असेल. त्यात गैर काही नाही. पण वैतागाचा प्रश्न कसा करायचा, हे कुणी नीट सांगत नाही. माझ्या बाबतीत ते कसं झालं, ते सांगतो.

सिग्नल आला कुठून?

मी सगळ्यात सोपं काम आधी केलं: ज्या वस्तूचा राग येतो, ती जन्माला कुठं आली ते शोधलं. रस्त्यावरचा पहिला सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला, ब्रिटिश संसदेबाहेर उभा राहिला. तो सुचवणारे जॉन पीक नाइट हे रेल्वेतले अभियंते होते. त्यामुळे सिग्नलही रेल्वेसारखाच: दिवसा वरखाली होणारे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे, आणि ते फिरवायला एक पोलीस. महिनाभरातच, जानेवारी १८६९ मध्ये, गॅसचा स्फोट होऊन तो पोलीस जखमी झाला आणि हा प्रयोग थांबला. विजेचे सिग्नल पुढे अमेरिकेत आले; क्लीव्हलंडचा १९१४ चा सिग्नल त्यातला प्रसिद्ध.

यातून दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, लाल म्हणजे थांबा ही भाषा रस्त्यानं रेल्वेकडून उसनी घेतली. दुसरी जास्त महत्त्वाची: लंडनचा तो सिग्नल घोडागाड्या वेगानं जाव्यात म्हणून नव्हता. पायी चालणाऱ्यांना, त्यातही संसदेच्या सभासदांना, रस्ता ओलांडता यावा म्हणून होता. म्हणजे कुणीतरी ठरवलं होतं की इथं गाडी थांबेल आणि माणूस जाईल.

इथं माझा प्रश्न थोडा सरकला. ‘इतकी गर्दी का?’ याऐवजी ‘कुणी कुणासाठी थांबायचं, हे कोण ठरवतं?’ असा झाला. आणि हा प्रश्न पुण्याचा उरला नाही. तो मला थेट गावी घेऊन गेला, फाटकावर.

फाटक

बुलढाणा शहरात रेल्वे नाही, ते घाटावर आहे. पण जिल्ह्याच्या उत्तर भागातून मुंबई–नागपूर मार्ग जातो: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. जी.आय.पी. रेल्वेनं १८६० च्या दशकात हा मार्ग वऱ्हाडातून पुढे नेला आणि १८६७ मध्ये तो नागपूरला पोचला. त्यामागं कापूस होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस आटला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत जायचा. खामगावची कापूस बाजारपेठ इतकी मोठी की तिच्यासाठी जलंबहून सुमारे १३ किलोमीटरचा वेगळा फाटा टाकला गेला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला.

रुळांनी कापसाचा प्रवास दिवसांवरून तासांवर आणला. पण जिथं जिथं रूळ जुन्या गाडीवाटांना आडवे गेले, तिथं बैलगाडी थांबली. यात रेल्वेची बाजूही खरी आहे. धावत्या आगगाडीला थांबायला शेकडो मीटर लागतात, ती बैलगाडीसाठी थांबू शकत नाही. म्हणून कायदाही स्पष्ट आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६० प्रमाणे बंद फाटक परस्पर उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमच्या घरात एका फाटकाची गोष्ट सांगतात. मी लहान होतो. आजीला रात्री दम्याचा जोराचा झटका आला, शेजारच्यांच्या जीपमधून तिला तालुक्याला न्यायला निघाले, आणि फाटक बंद. एक मालगाडी गेली, मग दुसऱ्या बाजूनं एक्स्प्रेस. बाबा म्हणतात, वीस मिनिटं गेली. काका म्हणतात, “चाळीस तं पक्की झाली असतीन.” आई म्हणते, तिनं घड्याळ पाहिलंच नाही, ती आजीच्या छातीवर हात ठेवून बसली होती. आजी त्या रात्री वाचली. पण घरात फाटकाचा विषय निघाला की अजूनही सगळे क्षणभर गप्प होतात.

मी हे मॅडमना सांगितलं, जरा अभिमानानंच, की बघा, माझ्याकडे मौखिक इतिहास आहे! त्या म्हणाल्या, “छान. आता सांग, वीस खरं की चाळीस?”

हे कुठल्याच कागदावर मिळणार नव्हतं. फाटक कधी बंद झालं, कधी उघडलं याच्या रोजच्या नोंदी असतात, पण अशी रजिस्टरं कायमची जपून ठेवत नाहीत. मग या आठवणीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण घड्याळ म्हणून नाही. वीस आणि चाळीस यांच्यातला फरक सांगतो की थांबणं प्रत्येकाला वेगळं लागलं. मुलाखती घेणार असाल तर हे पक्कं ध्यानात ठेवा. आठवणीला मिनिटं विचारू नका. तेव्हा गाडीत कोण होतं, कशासाठी निघालं होतं, दुसरा रस्ता होता का, हे विचारा. मिनिटांसाठी दुसरं साधन शोधा.

मोजमापाचा घोळ

दुसरं साधन शोधताना मला माझा खरा प्रश्न सापडला. कुठल्या फाटकावर पूल बांधायचा, हे रेल्वे एका आकड्यावरून ठरवत आली. त्याला टीव्हीयू म्हणतात, ट्रेन व्हेइकल युनिट. चोवीस तासांतल्या आगगाड्या गुणिले त्या फाटकावरून जाणारी वाहनं. हा गुणाकार एक लाखावर गेला की रेल्वे आणि राज्यानं खर्च वाटून घेऊन पूल बांधण्याचा निकष पुरा होतो. समजा रोज ५० गाड्या आणि २,००० वाहनं, की झाले एक लाख.

आता वाहन म्हणजे काय, ते बघा. या हिशेबात मोटार एक, ट्रक एक, एसटी बस एक, आणि बैलगाडी किंवा टांगाही एक. सायकल-रिक्षा आणि ऑटो अर्धा. पायी चालणारा यात नाहीच.

मग मी रस्त्यांचा हिशेब काढला. इंडियन रोड्स काँग्रेसची ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेबद्दलची १९९० ची मार्गदर्शिका आहे. तिथलं एकक पीसीयू, म्हणजे एका मोटारीच्या तुलनेत वाहन रस्त्याला किती जड पडतं. मोटार १, मोटरसायकल ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५. आणि बैलगाडी? ८. लहान असेल तर ६.

मी हे दोन कागद शेजारी ठेवून बराच वेळ बसलो. तीच बैलगाडी. फाटकावर थांबली तर १, रस्त्यावर चालली तर ८.

यात कुणाची चूक नाही, हे आधी समजून घ्या. घाईत ‘बघा, शेतकऱ्यावर अन्याय’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. रेल्वे विचारते: रुळांवर किती वेळा धोका संभवतो? तिथं बैलगाडी एक वाहन. रस्त्याचा अभियंता विचारतो: या वाहनामुळे बाकीच्यांचा किती रस्ता अडतो? बैलगाडी हळू चालते, म्हणून आठ. तिसरा प्रश्न मात्र दोघंही विचारत नाहीत: त्या गाडीत बसलेल्याचा किती वेळ गेला? टीव्हीयूच्या गुणाकारात गाड्या आहेत, वाहनं आहेत, मिनिटं नाहीत. माणसंही नाहीत. आजीची जीप त्या हिशेबात फक्त एक वाहन होती.

आता परत पुण्यात

हे कळल्यावर १४० सेकंदांच्या सिग्नलकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. सिग्नल लांब का ठेवतात? दर वेळी एका बाजूचा प्रवाह थांबवून दुसरीकडचा सुरू करताना काही सेकंद वाया जातात. समजा चार बाजू, दर बदलाला ४ सेकंद, म्हणजे एका फेरीत १६ सेकंद फुकट. फेरी ८० सेकंदांची असेल तर वीस टक्के वेळ गेला. १६० ची केली तर दहाच टक्के. म्हणून चौक तुंबला की फेरी लांबवण्याकडे कल असतो. पण फेरी लांबली की चुकीच्या क्षणी पोचलेल्याला जास्त थांबावं लागतं. या दोन्हींमधला सुवर्णमध्य काढायचं सूत्र ब्रिटनच्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडलं. सिग्नलच्या पाठ्यपुस्तकांत ते आजही असतं.

त्या सूत्रात रहदारी कशात मोजून घालतात? आपल्याकडे पीसीयूमध्ये. शहरातले आकडे ग्रामीण रस्त्यांपेक्षा वेगळे आहेत, पण तत्त्व तेच. सोयीसाठी वरचाच आकडा घेऊ: पन्नास माणसांची भरलेली बस म्हणजे ३, एकट्या माणसाची मोटार म्हणजे १. एका एककामागं बसमध्ये सोळा-सतरा माणसं, मोटारीत एक. वेबस्टरच्या सूत्राचं काम वाहनांचा खोळंबा कमी करणं आहे, ते ते चोख करतं. माणसांचा खोळंबा हा वेगळा हिशेब आहे. मी ज्या बसमध्ये उभा राहून चडफडत होतो, तिथला चडफडाट कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

मग माझा प्रश्न असा लिहिला: ‘विसाव्या शतकात वऱ्हाडातल्या फाटकांवर आणि रस्त्यांवर थांबण्याचं मोजमाप कोणत्या एककांत झालं, आणि त्या एककांनी कुणाचा वेळ मोजला, कुणाचा वगळला?’ मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, “आता कागद शोध.”

कागद शोधताना

इथं मी तीन महिने वाया घालवले. तुम्ही घालवू नका.

खामगावबद्दलचे १८७० च्या आसपासचे कागद मी ‘बुलढाणा जिल्हा’ या नावाखाली शोधत होतो. काही मिळेना. कारण साधं होतं: खामगाव तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा खामगाव आणि जळगाव (जामोद) बुलढाण्यात आले. मलकापूर मात्र आधीपासूनच इकडे. म्हणजे एकाच रेल्वेमार्गावरच्या दोन गावांचे कागद दोन जिल्ह्यांच्या बस्त्यांत.

त्यात राज्यही बदलत गेलं. १८५३ पासून वऱ्हाड निजामाचं, पण कारभार इंग्रजांचा. १९०३ नंतर ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९५० ते १९५६ आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. मग द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि १९६० पासून महाराष्ट्र. १९५२ चा रस्त्याचा एखादा अहवाल मुंबईच्या दप्तरात शोधाल तर हात हलवत परत याल. आधी नागपूरचं पुराभिलेखागार गाठा. इंग्रजी कागदांत जिल्ह्याचं नावही ‘बुलदाना’ असं लिहिलेलं सापडतं, त्यामुळे शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाका.

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी एका कागदावर तुमच्या गावाची वंशावळ काढा. कुठल्या वर्षी कुठला तालुका, कुठला जिल्हा, कुठलं राज्य. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी ते तीन महिन्यांनी केलं.

तुमचा वैताग

तुमच्या विषयालाही हेच विचारून बघा. ज्या गोष्टीचा राग येतो, ती मोजतं कोण? कुठल्या एककात? ते एकक कुठल्या वर्षी, कुणाच्या सोयीसाठी ठरलं? आणि त्यात काय बसत नाही? रेशनची रांग असो, दवाखान्याची ओपीडी असो, की १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीत कापसाच्या गाड्या घेऊन केंद्राबाहेर मुक्काम ठोकणारे शेतकरी असोत. तिथं क्विंटल मोजले गेले. रात्री कुणी मोजल्या का, ते शोधा. मोजल्या असतील तर तो कागद तुमचं साधन. नसतील, तर का नाही, हा तुमचा प्रश्न.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा काकांना हे टीव्हीयू प्रकरण समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे आपली जीप एक?”

“हो, एक.”

“अन् त्यात आपण सात जण होतो.”

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं, खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नातं टाकलं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथून सुरू होतं.