काळ्या रानातली कर्ती

जन्मसाल विचारलं की आज्जी म्हणायची, "मानमोडी सरली, त्याच्या दुसऱ्या वर्सी." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या हिशेबानं तिचा जन्म १९२० च्या आसपासचा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ती सून म्हणून आली तेव्हा लुगडं नीट आवरता येत नव्हतं. तिथून पुढं डोळे मिटेपर्यंत त्याच घरात राहिली. या मातीतल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात कोठार रयतेला खुलं करणाऱ्या दामाजीपंतांची कथा तर घराघरांत माहीत आहे. पण कोठारात ज्वारी आली कशी आणि राखली कुणी, हे सांगायचं तर मला आज्जीबद्दलच बोलावं लागतं.

रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. वाफसा आला की पाभर जुंपायची. बैलांपुढं गडी आणि चाड्यावर मूठ धरायला आज्जी. मूठ सैल सुटली तर पीक दाट होऊन ओल पुरत नाही, आवळली तर रान मोकळं राहतं. काढणीच्या आधी ती एकटीच पिकात शिरायची. ताट उभं राहिलेलं, कणीस तळापासून शेंड्यापर्यंत भरलेलं, दाणा टपोरा, एवढं बघून कणसं खुडायची. ती वेगळी बडवून, दाणे राखेत घोळून उतरंडीच्या तळच्या मडक्यात जायचे. वरची सगळी मडकी उतरवल्याशिवाय त्याला हात लागत नसे. मोहोळच्या संशोधन केंद्रानं पुढं नावारूपाला आणलेलं 'मालदांडी ३५-१' हे वाण इकडच्याच मालदांडीतून निवडलेलं. त्या शास्त्रज्ञांचं काम मोठं आहेच. पण त्यांच्या हाती आलेलं बी अशा मडक्यांनी राखलेलं होतं, हे मला त्याइतकंच मोठं वाटतं.

खायची ज्वारी पेवात. वाड्यासमोर जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद, पोटात ऐसपैस. कडेनं कडबा लावायचा, धान्य भरायचं, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. उघडायचा दिवस आज्जी ठरवायची. दगड सरकवला तरी लगेच कुणी उतरायचं नाही. आतली हवा कोंदट, विषारी. अशा पेवात माणसं गुदमरून गेलेली आहेत. दिवसभर तोंड मोकळं ठेवून ती दोरीला कंदील बांधून खाली सोडायची आणि काठावर पालथी पडून बघत राहायची. आई घाई करायची, "आत्या, सोडायचा का गडी?" उत्तर ठरलेलं, "दिवा ऱ्हाऊ दे की आधी." ज्योत मंद झाली तर काम दुसऱ्या दिवसावर. तिच्या हयातीत आमच्या पेवात एकही माणूस गेला नाही.

आजोबा १९५८ मध्ये वारले. वारसाच्या फेरफारावर दोन्ही अज्ञान मुलांची नावं चढली आणि पुढं तीन अक्षरं, 'अ.पा.क.', अज्ञान पालनकर्ता, आई. विधवेला आणि मुलींना मुलांच्या बरोबरीनं वारस ठरवणारा हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मध्येच झाला होता. आमच्या चावडीत तो पोचलाच नाही. थोरला चुलता सज्ञान झाला तेव्हा तो 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर झाला आणि आज्जी कागदावरून पुसली गेली. सावकाराशी बोलणी, बैलांची खरेदी, पेरणीचा दिवस हे सगळं मात्र तिच्याकडंच राहिलं. कागदानं केलेला हा अन्याय मला अजून बोचतो.

७२ च्या दुष्काळात घरातली तरणी माणसं खडी फोडायला गेली, पोरांना सुकडी आणि घरात रेशनची लाल मिलो. त्या भाकरीला चव नव्हती. तरीही तळच्या मडक्याला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. ७३ ला पाऊस झाला तेव्हा भावकीतली माणसं बी मागायला आली. दिढी-सवाईचा रिवाज होता. तिनं शेराला शेरच परत घेतलं.

शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ मध्ये चांदवडला भरलं. पुढं शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कित्येक गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. आमच्या घरात तो विषय निघाला नाही. उलट दोन्ही आत्यांची हक्कसोड झाली ती आज्जीच्या सांगण्यावरून. थोरल्या आत्यानं मुकाट सही केली. धाकटी म्हणाली, "आये, तुजं नाव न्हवतं म्हनून रडलीस, आन् आमाला सोडाय लावतीस?" आज्जी म्हणाली, "रान फुटलं की घर फुटतंय." ती भीती खरी होती, कारण भावकीतली दोन घरं बांधावरून कोर्टात गेलेली तिनं पाहिली होती. पण दोन मुलांत जमीन वाटून देताना हीच भीती तिला वाटली नाही, आणि इथं मी तिच्या बाजूनं उभा राहू शकत नाही.

हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं देशभर मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क दिला. वडील गेल्यावर आम्ही भावांनी बहिणीकडं हक्कसोड मागितली नाही. तिचं नाव आता आमच्या जोडीनं सातबाऱ्यावर आहे. रान एकच आहे, पेरणीचा खर्च तिघांत वाटला जातो, आणि यंदा कोणत्या तुकड्यात मालदांडी घ्यायची हे ती पुण्याहून फोनवर सांगते.