हबशी हा एकच शब्द

बडोद्याच्या मराठी घरांत हबशी हा शब्द जंजिऱ्याचा हात धरून येतो. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना न मिळालेला किल्ला, तो राखणारे सिद्दी, एवढ्यावर आपली ओळख संपते. फार तर मलिक अंबर आठवतो. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, पुढे निजामशाहीचा कारभार चालवला आणि खडकी वसवली. हबशी हा शब्द मुळात हबश म्हणजे ॲबिसिनिया या देशावरून आला. आपण मात्र तो आफ्रिकेतून आलेल्या प्रत्येकाला लावला.

पाणीगेटातून निघून नर्मदा ओलांडली की झगडियाजवळ रतनपूर लागते. तिथला अकीक प्रसिद्ध, आणि डोंगरावरचा बाबा गोरचा दर्गाही. तो सिद्दींचे श्रद्धास्थान आहे. गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींचे जनुकीय नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी तपासले व 2011 साली निष्कर्ष छापले. त्यांचा सुमारे 60 ते 75 टक्के वारसा आफ्रिकी निघाला, आणि त्याचे साम्य बांटू भाषा बोलणाऱ्यांशी. बाकीचा बराचसा भारतीय, थोडा युरोपीय. म्हणजे मलिक अंबरचे हबशी वेगळ्या मुलखातले आणि रतनपूरचे बव्हंशी वेगळ्या. नाव मात्र दोघांना एकच.

हा भेद केवळ वंशावळीचा असता तर त्यावर व्याख्यान लागले नसते. तो रोगप्रतिकाराचाही आहे. किडनी बदलताना भावंडांची जुळणी पाहतात, ती मुख्यतः एचएलए जनुकांची. शरीरात शिरलेल्या जंतूचे तुकडे पेशीबाहेर मांडून दाखवणे हे त्यांचे काम. सगळ्या गावाची कुलपे एकसारखी असतील तर चोराला एक किल्ली पुरते, म्हणून या जनुकांचे हजारो प्रकार टिकून राहिले. गांबियात बी53 हा प्रकार असलेल्या मुलांना तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, असे 1991 साली दिसले. माणूस आफ्रिकेत सर्वांत जास्त काळ राहिला, त्यामुळे जनुकांचे वैविध्यही तिथे सर्वाधिक. सुमारे 60 हजार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या लहान टोळ्यांनी त्यातला एक हिस्सा तेवढा बरोबर नेला. देशस्थ, कोकणस्थ, मराठे, प्रभू, आम्ही जैन, सगळे मुख्यतः त्या हिश्श्याचे वारसदार. 2020 साली आफ्रिकेतल्या 50 समाजगटांतील 426 जणांचे संपूर्ण जीनोम वाचले गेले, तेव्हा पूर्वी नोंदच नसलेले 30 लाखांहून अधिक बदल सापडले. निवडीचा दाब ज्यांवर पडलेला दिसला, त्यांत विषाणूंशी लढणारी जनुकेही होती.

आता डफी. एका रुग्णाच्या आडनावावरून 1950 साली या रक्तगटाला हे नाव मिळाले. एक दिवसाआड चढणाऱ्या व्हायव्हॅक्स हिवतापाचा जंतू डफी प्रथिनाच्या दारातून तांबड्या पेशीत शिरतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेत बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर हे दारच नाही. 1976 साली त्याचा हिवतापाशी संबंध कळला. इथिओपियात मात्र दार असलेलेही पुष्कळ आहेत आणि व्हायव्हॅक्सही आहे. म्हणजे इथेही 'आफ्रिकी रक्त' या शब्दाने काहीच कळत नाही.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ज्यांच्याकडे हे दार नाही, त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मुळातच कमी दिसतात. 2009 साली या फरकाचे मूळ डफीच्याच जनुकात आढळले. हा आजार नव्हे. मोजणी 1500 च्या खाली आली तरी माणूस धडधाकट असू शकतो. परंतु कागदावर ती कमतरता ठरते, आणि त्यापायी अमेरिकेत निरोगी माणसांच्या नको त्या तपासण्या झाल्या, काहींच्या कर्करोगाच्या औषधाची मात्रा घटवली गेली.

होमिओपॅथीत आम्ही प्रत्येकाची प्रकृती वेगळी मानतो. पण रिपोर्ट हातात आला की आमचीही नजर छापील आकड्यांवरच जाते, हे कबूल करतो. ते आकडे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे रक्त मोजून ठरलेले. रतनपूरचा एखादा सिद्दी पाणीगेटात रक्त तपासायला आला, तर त्याला डफीबद्दल कोण विचारणार? त्याच्या कमी पेशींसमोर तोच रकाना असेल, आणि त्यावर लिहिलेले असेल: 'नॉर्मल'.