ढोलकीची फी

आज आपण बचतीवर बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्यावरही नाही. आज बोलायचं आहे ढोलकी-तबल्याच्या शिकवणीबद्दल, आणि त्या शिकवणीचे पैसे कोण कुणाला देतं याबद्दल. कारण आमच्या आंबागडच्या गटाने यंदा एका वादकाची शिकवणी लावली आहे. ते तुमसरच्या बाजूचे. लग्नकार्यात, भजनात, झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवून पोट भरणारे. आठवड्यातून दोन दिवस येतात आणि आम्हा सात जणींना शिकवतात. गावात यावर बरंच बोलून झालं. "बायकाइनं ढोलकी वाजवाची का जी?" हे तर ऐकलंच, पण त्याहून जास्त वेळा ऐकलं ते हे की, "वाजवाले पैसे देऊन का शिकाचं असते?"

हा दुसरा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटला. म्हणून आम्ही थोडं वाचलं, थोडं सरांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते सांगतो.

तबला जुना म्हणतात, पण आज आपण ओळखतो तो तबला फार जुना नाही. अठराव्या शतकात दिल्लीत तो नावारूपाला आला. आपल्या आंबागडचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या काळात राजा खान पठाणाने बांधला. म्हणजे दिल्लीत तबल्याची घडण झाली त्याआधी थोडीच वर्षं आपला किल्ला उभा झाला होता, असं धरून चाला. पुढे तबल्याची सहा घराणी झाली: दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि पंजाब. घराणं म्हणजे खरोखरच घर. विद्या घरात राहायची. बापाकडून मुलाला, मामाकडून भाच्याला. बाहेरच्याला शिकायचं तर उस्ताद गंडा बांधणार, मग शिष्याने वर्षानुवर्षं त्यांच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पाय दाबायचे, आणि उस्तादांची मर्जी लागली की एखादा बोल पदरात पडायचा. फी म्हणून काही ठरलेलं नव्हतं, सगळं आयुष्यच फी.

आता सांगा, अशा रीतीने कोणती मुलगी शिकली असती? परक्या घरी दहा वर्षं राहायला कोणत्या बापाने पाठवलं असतं?

तरी बायकांचा तबल्याशी संबंध नव्हता असं नाही. फरुखाबाद घराण्याची एक कथा वादक मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. लखनौच्या बख्शू खाँ यांनी आपली मुलगी विलायत अली खाँ यांना दिली आणि हुंड्यात पाचशे गती दिल्या. गत म्हणजे तबल्यावर वाजवायची बांधलेली रचना. त्या दिल्या की माहेरच्यांनी पुन्हा वाजवायच्या नाहीत, त्या जावयाच्या झाल्या. विलायत अली पुढे हाजी विलायत अली म्हणून मोठे झाले, त्यांच्यापासून फरुखाबाद घराणं धरतात. नक्की पाचशे होत्या की कमी, कथेत जितकं खरं असायचं तितकं असेल. पण आमच्या गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. भांडी, कपाट, मोटारसायकल हे हुंड्यात गेलेलं आपण पाहिलं आहे. विद्याही गेली होती. जिच्या नावाने गेली तिने मात्र मैफलीत बसून ती वाजवायची नव्हती.

हे घराचं दार कसं उघडलं? याचं बरंचसं श्रेय आपल्या मराठी माणसाकडे जातं. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, तासिका, वही, पुस्तक, परीक्षा, आणि ठरलेली फी. राजाचा आश्रय नाही, कुणाच्या घरचं पाणी भरणं नाही. १९०३ मध्ये त्याच विद्यालयात तबला-मृदंग शिकवणाऱ्या गुरुदेव पटवर्धनांचं 'मृदंग और तबला वादनपद्धति' हे पुस्तक निघालं. जे बोल एका घराच्या पेटीत होते ते छापून बाजारात आले. १९०८ मध्ये विद्यालय मुंबईला आलं. आज आपल्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात, त्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. त्याचं मूळ तिथे आहे.

फी घेऊन शिकवणं म्हणजे विद्येचा बाजार, असं म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत. आम्हाला ते पटत नाही. फी आली म्हणून तासाचं माप आलं. तासाचं माप आलं म्हणून बाई घरचं आटोपून, तास करून, दिवे लागायच्या आत परत येऊ शकली. मर्जीवर चालणाऱ्या विद्येत बाईची पाळी कधीच आली नसती.

मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांचं उदाहरण घ्या. पारशी घरातली ही मुलगी १९४० साली जन्मली. पंडित केकी जिजिना यांच्याकडे तबला शिकली, पुढे फरुखाबाद घराण्याच्या उस्ताद अमीर हुसेन खाँ यांच्याकडेही. एकटीने व्यासपीठावर बसून तबला वाजवणाऱ्या पहिल्या बायकांत त्यांचं नाव घेतात. पखवाज आणि तबल्याच्या घराण्यांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. २०१२ साली त्या गेल्या. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या अनुराधा पाल उस्ताद अल्लारखा आणि झाकीर हुसेन यांच्याकडे शिकल्या, आणि त्यांनी 'स्त्री शक्ती' हा बायकांचाच वाद्यवृंद उभा केला. पंडित सुरेश तळवलकरांची मुलगी सावनी तबला वाजवते. म्हणजे आता घराण्याची विद्या मुलीकडेही सरळ जाते, हुंड्याच्या वाटेने नाही.

पण ही झाली शहरातली, मैफलीतली गोष्ट. आपल्या झाडीपट्टीत चामड्याच्या वाद्याचा इतिहास वेगळा आहे. दंडार, खडी गंमत, यांत ढोलकी वाजवणारे गडीच, आणि बाईचं काम करणारेही गडीच. लुगडं नेसून नाचणार पुरुष, ढोलकीवर पुरुष, बाई बघणाऱ्यांत. खंजिरी तेवढी घराघरात आली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. ती भजनी मंडळात ऐकून ऐकून शिकतात, तिला शिकवणी लागत नाही. आणि डफडं? डफडं वाजवणं हे ठरावीक जातींच्या माथी मारलेलं काम होतं. लग्न असो, मयत असो, हाक आली की जायचं. मोबदला म्हणजे खळ्यावरचं धान, नाहीतर उरलेलं अन्न. तेही मागायला उभं राहावं लागे. बाबासाहेबांच्या चळवळीत मेलेली ढोरं ओढणं आणि गावकीची असली कामं सोडायचं आवाहन झालं, तेव्हा पुष्कळांनी डफडंही खाली ठेवलं. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर तर आपल्या भागातल्या कित्येक घरांतून ते कायमचं गेलं. कला गेली म्हणून हळहळणारे लोक भेटतात. त्यांना आम्ही एवढंच विचारतो, ती कला होती तेव्हा वाजवणाऱ्याला ओसरीवर बसवलं होतं का?

हा प्रश्न आमच्या बैठकीतच आला. शिकवणीचा ठराव मांडला तेव्हा आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या आज्यानं खाली ठेवलं थे मी वर उचलावं का?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. कुणी समजूत घालायलाही गेलं नाही, ते बरं झालं. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं की आपण स्वतः शिकणार नाही, पण ठरावाला हात वर करू. अट एक. सरांचे पैसे तासाच्या शेवटी रोख द्यायचे, त्याच दिवशी. धान नाही, तांदूळ नाही, "पुढच्या बैठकीत बघू" नाही. आणि उद्या आपल्या बाया कुणाकडे वाजवायला गेल्या तर त्यांनीही रोखच घ्यायचं, जेवणावर भागवून यायचं नाही. ठरावात हे शब्द तसेच लिहिले. त्यांची नात सात जणींत आहे.

आता शिकतो काय ते सांगतो, कारण पुष्कळ जणी विचारतात. पहिला महिना नुसतं बसणं आणि बोट. उजव्या हाताचं 'ना' काठावर, 'तीं' शाईच्या बाजूला, डाव्याचं 'गे', आणि दोन्ही मिळून 'धा'. आधी तोंडाने म्हणायचं, टाळी देत, मग हाताने. तोंडाला आलं नाही ते हाताला येत नाही, असं सर म्हणतात. रोवणीच्या दिवसांत चिखलातून आलेल्या हाताला ढोलकी लागू द्यायची नाही, हात धुऊन कोरडे करूनच बसायचं. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. दादरा आम्हाला लवकर आला, कारण जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या हाताला झोका माहीत होता. डावा हात मात्र सगळ्यांचाच अडतो. आयुष्यभर उजव्याने कामं केली, डाव्याने फक्त लेकरू धरलं.

एक गंमत अशी की तबल्याच्या तोंडावरची काळी शाई लोखंडाचा बारीक चुरा आणि खळ घोटून, थरावर थर चढवून करतात. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा असतो. भंडारा तर पितळी भांड्यांचं गाव. तरी तबला म्हणजे बाहेरची वस्तू असंच आपण इतकी वर्षं समजत आलो.

फी प्रत्येकी महिन्याला शंभर रुपये बसते. ती बचतीतून घ्यायची नाही, वेगळी जमा करायची असं ठरलं. दोघींनी पहिल्या तीन महिन्यांसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. यावर वाद झाला. शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, शिकवणीला कसं द्यायचं? शेळी विकता येते, हाताला आलेला केरवा कसा वसूल करणार? शेवटी दिलं. कारण गावातला एकुलता एक ढोलकीवाला धान कापणी झाली की कामाला नागपूरला जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत भजनं, डोहाळजेवणं, महाशिवरात्रीची गायमुखची जत्रा येते. दरवर्षी आमचं भजनी मंडळ नुसत्या टाळांवर गायचं, किंवा बाहेरून माणूस आणून त्याला पैसे द्यायचं. तेच पैसे आता गटात राहतील असा हिशेब मांडला, आणि हिशेब बरोबर होता.

या महाशिवरात्रीला दोघी वाजवायला बसल्या. दुसऱ्या भजनात लय पळाली, टाळवाल्यांनी ती धरून आणली. नंतर एका घरून वास्तूच्या भजनाला बोलावणं आलं. यजमानांनी जेवणाचा आग्रह केला, आम्ही जेवलो, आणि निघताना वहीवर सही घेऊन रोख रक्कम मोजून घेतली. त्यांना जरा नवल वाटलं. पाकीट आणायला त्यांची सून आत गेली, ती बाहेर येताना विचारत आली की नवीन बाई शिकायला घेता का. आठवी जागा रिकामी आहे, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन वाजता, समाजमंदिरात.