अर्ध्या दृष्टीचा हिशेब

आमचा धंदा कामगारांच्या तक्रारी लिहून घेण्याचा. शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या व कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांवर. तेव्हा मेंदू आणि डोळे यांच्या इतिहासावर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, हा इतिहास आमच्यापुढे नुकसानभरपाईच्या एका दाव्याच्या रूपाने येऊन उभा राहिला. आणि वाचता वाचता ध्यानात आले की, त्याचा आरंभही नुकसानभरपाईपासूनच झालेला आहे.

गोष्ट 2011 सालची. डोंबिवलीकडच्या एका कारखान्यातील आमचा एक सोबती, वीस वर्षांचा मुरलेला फिटर, शेडचे काम चालू असताना वरून निसटलेला लोखंडी अँगल डोक्याच्या मागच्या बाजूस लागून पडला. दवाखान्यातून परतला तो हिंडताफिरता. हातपाय शाबूत, बोलणे शाबूत. मात्र दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटे. स्टेशनच्या पुलावर डावीकडून येणाऱ्या माणसांवर आदळे आणि वर शिव्या खाई. पहिल्यांदा खरे काय ते त्याच्या बायकोने ओळखले. आपल्याकडे पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे. हा गृहस्थ भाजी संपवी आणि चटणीला बोट न लावता उठे. ‘चटणी का वाढली नाहीस?’ असे त्याने विचारले तेव्हा ती चरकली.

डोळ्यांच्या तपासणीत त्याने तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली. दृष्टी निर्दोष, कामावर घेण्यास हरकत नाही, असा दाखला मिळाला. पंधरा दिवसांत डाव्या हाताची दोन बोटे यंत्रात चेचली. व्यवस्थापनाचे म्हणणे, निष्काळजीपणा.

येथे थोडी शरीररचना सांगणे भाग आहे. डावा डोळा डावीकडचे पाहतो आणि उजवा उजवीकडचे, अशी आपली समजूत असते. ती चूक आहे. दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू मेंदूच्या उजव्या अंगाला पोचते आणि उजवी बाजू डाव्या अंगाला. पाहण्याचे मुख्य केंद्र मेंदूच्या अगदी पाठीमागे आहे. तेथे उजवीकडे इजा झाली की दोन्ही डोळ्यांतून जगाची डावी अर्धी बाजू जाते. कोणताही डोळा झाकून पाहा, तीच बाजू नाही. डॉक्टर याला हेमियानोपिया म्हणतात. मौज अशी की, रोग्याला तेथे काळोख दिसत नाही. काहीच दिसत नाही, जसे आपल्याला आपल्या पाठीमागचे दिसत नाही. म्हणून त्याला स्वतःलाही पुष्कळदा उमगत नाही. त्यातून मधली तीक्ष्ण नजर शाबूत राहिली तर तक्ता सहज वाचता येतो.

हे गणित जगाला नीट उलगडले ते लढाईमुळे. 1904-05 साली जपान आणि रशिया यांचे युद्ध झाले. रशियन बंदुकीची गोळी लहान तोंडाची आणि फार वेगाची. ती कवटीतून सरळ आरपार जाई आणि पुष्कळ शिपाई जगत. तात्सुजी इनोये नावाच्या तरुण नेत्रवैद्याकडे काम आले ते असे: या जखमी शिपायांची दृष्टी किती गेली ते ठरवावे, म्हणजे सरकारला त्यांचे निवृत्तिवेतन ठरवता येईल. त्याने गोळी शिरल्याची जागा आणि बाहेर पडल्याची जागा मोजण्यासाठी स्वतःचे एक उपकरण बनवले, दोन्हींमधून रेघ ओढली, आणि मेंदूचा कोणता भाग फाटला व दृष्टीचा कोणता तुकडा गेला यांचा मेळ घातला. 1909 साली त्याने तो जर्मन भाषेत छापला. नजरेच्या मध्यबिंदूला मेंदूत फार मोठी जागा मिळालेली आहे आणि कडेच्या दृष्टीला थोडी, हे त्यात आले. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या आयरिश वैद्याने फ्रान्समधील इस्पितळात तेच काम आणखी बारकाईने केले. आम्हांला मात्र इनोयेच जवळचा वाटतो. शिपायाला पैसे किती द्यायचे, या कारकुनी प्रश्नातून त्याने मेंदूचा नकाशा काढला.

पण नकाशा काढणे वेगळे आणि वाट दाखवणे वेगळे. गेलेली बाजू परत येत नसेल तर माणसाने जगावे कसे, हा प्रश्न पद्धतशीर हाती घेणाऱ्यांत पहिले नाव वाल्टर पॉपेलरॉयटर याचे. जर्मनीत कोलोन येथे डोक्यात गोळी लागलेल्या शिपायांना तो कामाला लावून पाही आणि 1917 साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. त्याने फळ्यावर पुष्कळ वस्तू मांडल्या आणि त्यांतली एक हुडकायला सांगितली. काही जण न दिसणाऱ्या बाजूकडे डोळे मुद्दाम फेकून वस्तू गाठतात, काही जण दिसणाऱ्या बाजूतच घुटमळत राहतात. आणि सरावाने फरक पडतो, हे त्याने पाहिले. याच माणसाने पुढे कामगाराच्या हालचाली मोजण्याचे एक घड्याळ बनवले आणि अखेर तो हिटलरच्या पक्षात गेला. जखमींना शिकवणारा हात आणि कामगाराच्या पाठीशी घड्याळ लावणारा हात एकच असू शकतो, हे आम्ही येथे नोंदवतो आणि पुढे जातो.

दुसऱ्या महायुद्धातील एका शिपायाची कथा तर प्रत्येक वाचनालयात असावी. लेव्ह झासेत्स्की या रशियन तरुणाच्या डोक्यात 1943 साली गोळी लागली. उजवीकडचे दिसेना, वाचता येईना, शब्द आठवेनात. आलेक्सांद्र लुरिया या वैद्याच्या देखरेखीखाली तो पुन्हा अक्षर न् अक्षर शिकला आणि सुमारे पंचवीस वर्षे खपून त्याने आपल्या आयुष्याची कहाणी लिहिली. पाने तीन हजारांच्या घरात. पुढचे अक्षर दिसेपर्यंत मागचे विसरून जाई, असा त्याचा वाचनाचा क्रम होता.

डोळ्यांच्या हालचालींचे रीतसर शिक्षण उभे राहिले ते मुख्यतः 1970 नंतर, म्युनिक येथे योझेफ झिल आणि त्याचे सहकारी यांच्या हातून. तत्त्व साधे आहे. निरोगी माणूस समोरचा देखावा एका दृष्टिक्षेपात पाहत नाही. डोळा सेकंदाला दोनतीन उड्या मारतो आणि मेंदू तुकडे जुळवतो. अर्धी बाजू गेलेल्याच्या उड्या त्या बाजूला आखूड आणि चाचरत पडतात, कारण उडी कोठे घ्यायची हेच दिसत नसते. तेव्हा त्याला शिकवायचे असे की, उडी हवी त्यापेक्षा लांब मार, पलीकडच्या कडेपर्यंत जा, आणि तेथून मागे ये. मान वळवण्याच्या आधी डोळा वळव. मग ओळीने, जशी भिंत रंगवतात तशी, सगळी जागा नजरेने पुसून काढ. रोज अर्धा-पाऊण तास, कित्येक आठवडे. याने गेलेली दृष्टी परत येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती आणून देतो म्हणणाऱ्यांची जगात वाण नाही. शोधण्याचा वेग वाढतो, आदळणे कमी होते. पुरावा अजून थोडा आहे, असे 2019 सालच्या एका मोठ्या आढाव्यातही म्हटले आहे. आणि आहे तो याच पद्धतीच्या बाजूला झुकतो.

वाचनाची तऱ्हा निराळी. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते. उजवी बाजू गेली तर पुढचे अक्षर अंधारात आणि वाचक शब्दाशब्दाला ठेचकाळतो. डावी गेली तर ओळ वाचता येते, पण संपल्यावर पुढची ओळ कोठे सुरू होते ते सापडत नाही. भिवंडीतल्या उर्दू वाचणाऱ्या यंत्रमागवाल्याचे नेमके उलटे. लंडनच्या वैद्यांनी उजवी बाजू गेलेल्यांसाठी मजकूर डावीकडे सरकत जाईल अशी संगणकावरची वाचन-तालीम तयार केली आहे. डावी बाजू गेलेल्याला एक लाल फीत पुरते: ती पानाच्या डाव्या कडेला चिकटवावी, आणि फीत दिसेपर्यंत डोळा मागे न्यावा.

आपल्याकडे असे शिकवणारी माणसे कोठली, असे वाटेल. गिरणगावात, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, 1950 सालीच व्यवसायोपचाराची शाळा निघाली होती, देशातली पहिली. काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी. आजारी माणसाला नित्याच्या कामांतूनच पुन्हा उभे करावयाचे, हे त्या विद्येचे सूत्र. आमच्या सोबत्याला त्याच विद्येची एक मुलगी भेटली. तिने त्याला घरच्या भिंतीवर खडूने आकडे लिहून दिले. एक उजवीकडे, दोन दूर डावीकडे, असे विसापर्यंत, आणि क्रमाने नजरेने गाठायला लावले. पहिल्या दिवशी तो सातावर रडला. पुढे डोंबिवली स्थानकाच्या पुलावर कठड्याला टेकून तो डावीकडून येणारे लाल कपडे मोजी. लोक त्याला वेडा समजले असतील.

दावा 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याखाली लागला, कारण त्याचा पगार विमा योजनेच्या मर्यादेबाहेर होता. (त्या कायद्याची जागा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.) त्या कायद्याचे परिशिष्ट आम्हांला तोंडपाठ होते. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत, तर 40 टक्के. डोळा जागेवर पण नजर गेली, तर 30. दोन्ही डोळ्यांची अर्धी अर्धी नजर गेली तर किती? त्या यादीत डोळे मोजलेले होते. दृष्टीची बाजू मोजलेली नव्हती. समोरचे वकील म्हणाले, डोळे दोन आहेत, दोन्ही चालतात. आम्ही दृष्टिक्षेत्राचा आलेख पुढे ठेवला. दोन वर्तुळे, दोन्हींची डावी बाजू काळी. यादीत नसलेल्या इजेला कमाईची शक्ती किती घटली ते वैद्याने ठरवावे, असे त्याच कायद्यात कलम होते. त्यावर आम्ही उभे राहिलो. इनोयेने शंभर वर्षांपूर्वी शिपायासाठी केले तेच एका फिटरसाठी करून मागत होतो.

चार वर्षे गेली. शेवटी तडजोड झाली. रक्कम मागणीहून पुष्कळ कमी. फिटरचे काम त्याला पुन्हा मिळाले नाही. तो संघटनेच्या कचेरीत वर्गणीची वही सांभाळतो. वहीच्या प्रत्येक पानाला डाव्या कडेने लाल रेघ आहे, ती त्याने स्वतः आखलेली. चटणी अजून डावीकडेच वाढली जाते; मध्ये एकदा बायकोने ती उजवीकडे सरकवली होती, तेव्हा त्यानेच ताट फिरवून घेतले.