नाडीचा काटा कोणासमोर?

तरुणपणी मी खामगावच्या एका तेलगिरणीत बॉयलरवर कामाला होतो. बॉयलरला दाबाचा काटा असतो. तो तांबड्या रेषेकडे सरकू लागला की आम्ही आच कमी करीत असू. त्याच गिरणीत एक साहेब हातात घड्याळ घेऊन आमच्या पाठीशी उभा राही. काटा माझ्या डोळ्यांसमोर होता, म्हणून त्याचा आधार वाटे. घड्याळ साहेबाच्या हाती होते, म्हणून त्याची धास्ती वाटे. आज ज्या विद्येचा इतिहास सांगावयाचा आहे, तिचे मर्म मला या दोन वस्तूंत सापडले.

या विद्येला ‘बायोफीडबॅक’ म्हणतात. माणसाच्या शरीराला काटा लावावयाचा आणि तो त्यालाच दाखवावयाचा, एवढाच तिचा अर्थ. भीतीने नाडी वाढते, तळहाताला घाम सुटतो, बोटे गार पडतात, खांदे आवळतात. यंत्र हे टिपते. ते पाहत माणूस श्वास संथ करतो, अंग सैल सोडतो आणि कशाने काटा उतरतो हे स्वतःच शिकतो.

तिच्या पूर्वेतिहासाचा एक धागा आपल्याच मुलखात आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांना प्रयोगाची कसोटी लावली. नौली करताना आतील दाब किती उतरतो, हे त्यांनी पाऱ्याच्या नळीने मोजले. १९३५ मध्ये तेरेज ब्रॉस या फ्रेंच डॉक्टरीणबाई हृदयाचा आलेख काढणारे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या. काही योगी हृदय थांबवितात, असा तेव्हा बोलबाला होता. वेंगर, बागची आणि आनंद यांनी अशांची तपासणी करून १९६१ साली ती प्रसिद्ध केली. नाडी हाताला लागेनाशी झाली, तरी आलेखात हृदय चालूच होते! चमत्कार गेला, पण श्वास आणि स्नायू यांच्या वाटेने हृदयावर परिणाम करता येतो, हे सत्य उरले. पुढे १९६९ साली अमेरिकेत संशोधकांची संस्था निघाली आणि ‘बायोफीडबॅक’ हे नाव रूढ झाले.

तेथून ही विद्या क्रीडांगणात आली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात तिरंदाजांना त्यांच्याच मेंदूतील विद्युत्‌लहरींवरून शिक्षण दिले. योग्य शिक्षण मिळालेल्यांचा नेम सुधारला. मुद्दाम उलटे दिलेल्यांचा बिघडला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या अभिनव बिंद्रा यांच्या तयारीतही अशा साधनांचा वाटा होता.

बुलढाण्याला हा विषय परका नाही. आपल्या प्रथमेश जावकर यांनी मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसर यांना १४९–१४८ असे हरविले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळांत ते सांघिक सुवर्णाचे मानकरी झाले. पंधरा बाण आणि एका गुणाचा फरक! अशी लढत हाताची तितकीच नाडीचीही असते.

आता माझा मुद्दा. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके कॅमेऱ्याने टिपून घरोघरच्या पडद्यावर दाखविण्यात आले. तो आकडा खेळाडूच्या शिक्षणासाठी नव्हता, प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी होता. काट्याचे घड्याळ होते ते असे. उद्या त्याच आकड्यावरून कोणी म्हणेल, “हा पोरगा घाबरट आहे, याला संघातून काढा.” खेळाडू हाही अंगमेहनतीवर जगणारा माणूस आहे. त्याच्या नाडीचा आकडा त्याच्या मालकीचा असावा. तो शिक्षकाला दाखवावयाचा की नाही हे त्याने ठरवावे. निवडीच्या कागदावर तो येऊ नये.

आणखी एक गोष्ट. यंत्र भीती ओळखते, भीतीचे कारण दूर करीत नाही. पदक हुकले तर नोकरीची आशा संपली, घरचे कर्ज तसेच राहिले, या धास्तीवर संथ श्वास पुरा पडत नाही. तिथे शिष्यवृत्ती लागते, पोटभर अन्न लागते, हरलेल्यालाही कामाची हमी लागते. या मागण्या आपण करावयाच्या आहेत. तोवर आपल्या आखाड्यांतील व मैदानांवरील मुलांनी मनगटावर दोन बोटे ठेवून, मिनिटाला सहाएक श्वास घेत, स्वतःची नाडी वाचावयास शिकावे. त्याला पैसा लागत नाही, आणि तो काटा दुसऱ्या कोणाच्या हाती जात नाही.