वेगवान चित्रण संगणकावर उतरवताना…
कॅमकॉर्डरमधील ५० फ्रेमचे चित्रण संकलनासाठी घेण्याची योग्य रीत

नांदेड/लातूर, प्रतिनिधी

लग्नसराई सुरू झाली की नांदेड आणि लातूर शहरांतील फोटो स्टुडिओंमध्ये रात्री उशिरापर्यंत 'मिक्सिंग' चालू असते. वधूवरांवर उधळलेल्या अक्षता संथ गतीने खाली येताना दाखवाव्यात, वरातीतील घोड्याची चाल, नाचणाऱ्या मित्रांचे फेटे सावकाश उलगडावेत, अशी मागणी आता तालुक्याच्या गावांतूनही होते. त्यासाठी चित्रण सेकंदाला ५०, १०० वा त्याहून अधिक फ्रेमने केले जाते. मात्र हे चित्रण संगणकावर उतरवताना थोडी जरी चूक झाली, तरी चित्र धक्के खाते, आवाज पुढेमागे होतो किंवा एखाद्या विधीचा तुकडाच हरवतो. लग्न पुन्हा लावता येत नाही. त्यामुळे या तांत्रिक बाबीची नीट माहिती चित्रणकाराला जशी हवी, तशीच त्याच्या हाती आपला सोहळा सोपवणाऱ्या कुटुंबालाही असलेली बरी.

२५ आणि ५० चे गणित

भारतात दूरचित्रवाणीसाठी पाल ही पद्धती स्वीकारली गेली. तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम सम व विषम ओळींच्या दोन 'फील्ड'मध्ये विभागलेली असते. म्हणजे सेकंदाला ५० फील्ड. जुन्या कॅमकॉर्डरवर '५० आय' असे जे लिहिलेले असते, ते हेच. '५० पी' चा अर्थ मात्र वेगळा आहे. त्यात सेकंदाला ५० संपूर्ण फ्रेम नोंदल्या जातात.

फरक उदाहरणाने स्पष्ट होईल. अक्षता उधळण्याची क्रिया २ सेकंदांची आहे असे समजू. ५० फ्रेमने केलेल्या चित्रणात तिच्या १०० फ्रेम मिळतात. त्या २५ फ्रेमच्या गतीने दाखवल्या, तर तेच दृश्य ४ सेकंद चालते आणि प्रत्येक क्षणाला नवे चित्र मिळत असल्याने गती मुलायम राहते. १०० फ्रेमने चित्रण केले असेल, तर दृश्य ८ सेकंदांपर्यंत लांबवता येते. २५ फ्रेमने टिपलेले दृश्य संथ करू गेल्यास सॉफ्टवेअरला एकच फ्रेम दोनदा दाखवावी लागते वा मधली फ्रेम अंदाजाने तयार करावी लागते. संथ गती हवी असेल, तर तो निर्णय चित्रणाच्या वेळीच घ्यायला हवा.

कॅसेटपासून कार्डापर्यंत

मिनी डीव्ही कॅसेटच्या काळात एका तासाचे चित्रण संगणकावर घेण्यास एक तासच लागत असे. फायरवायरची तार जोडायची, कॅसेट चालू करायची आणि वाट पाहायची. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागे. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी एव्हीसीएचडी हा प्रकार आणला आणि कॅसेटची जागा मेमरी कार्डाने घेतली. पॅनासॉनिकचा २०१० मधील 'टीएम ७००' हा घरगुती कॅमकॉर्डर पूर्ण एचडीत ५० पी चित्रण करू लागला. परंतु हा दर तेव्हाच्या एव्हीसीएचडी प्रमाणात बसत नव्हता. त्यामुळे अनेक सॉफ्टवेअरना त्या फाइल ओळखता येत नसत. २०११ मध्ये एव्हीसीएचडीच्या दुसऱ्या आवृत्तीने ५० पी आणि ६० पी यांना अधिकृत स्थान दिले व माहितीचा कमाल वेग सेकंदाला २८ मेगाबिट इतका ठरवला. या हिशेबाने एका तासाचे चित्रण सुमारे साडेबारा जीबी जागा घेते. एडियस, प्रीमियर प्रो, फायनल कट प्रो, डाव्हिन्ची रिझॉल्व्ह ही आज वापरातील सॉफ्टवेअर असे चित्रण स्वीकारतात. अडचण उरते ती उतरवण्याच्या पद्धतीची.

केवळ फाइल नको, संपूर्ण कार्ड हवे

एव्हीसीएचडी कार्डावर 'प्रायव्हेट' नावाचा फोल्डर असतो. त्यात 'एव्हीसीएचडी', त्यात 'बीडीएमव्ही' आणि त्यात 'स्ट्रीम', अशी उतरंड असते. प्रत्यक्ष चित्रण 'स्ट्रीम'मधील एमटीएस फाइलमध्ये असते. म्हणून घाईत अनेकजण तेवढ्याच फाइल उचलतात. चूक होते ती येथे.

कार्डाच्या जुन्या फॅट ३२ रचनेत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. कॅमेरा सलग चालू ठेवला, तर ५० पी चित्रणात सुमारे २० मिनिटांत ही मर्यादा गाठली जाते आणि कॅमेरा आपोआप पुढची फाइल सुरू करतो. काही कॅमेरे तर २ जीबीलाच तुकडा पाडतात. हे तुकडे एकमेकांना कसे जोडायचे, याची नोंद शेजारच्या 'क्लिपइन्फ' आणि 'प्लेलिस्ट' या फोल्डरमध्ये असते. ती नसेल, तर जोडावर काही फ्रेम गळतात आणि आवाजात 'टक्' असा खंड ऐकू येतो. शेवटच्या मंगलाष्टकाच्या मध्यावर तो आला, तर घरच्या मंडळींना तो आयुष्यभर खटकतो.

योग्य क्रम असा :

१. कार्डाच्या कडेची लहान कळ 'लॉक'वर सरकवावी. त्यामुळे चुकून काही पुसले जात नाही.
२. कार्डावरील सर्व फोल्डर जसेच्या तसे, नाव न बदलता, दोन स्वतंत्र हार्डडिस्कवर उतरवावेत. प्रत्येक कार्डासाठी तारीख व क्रमांक घातलेला वेगळा फोल्डर करावा.
३. फाइल ओढून न टाकता सॉफ्टवेअरच्या ब्राउझरमधूनच चित्रण आत घ्यावे. प्रीमियरमध्ये 'मीडिया ब्राउझर', एडियसमध्ये 'सोर्स ब्राउझर' आणि फायनल कटमध्ये 'इम्पोर्ट' ही खिडकी त्यासाठीच आहे.
४. आत आलेल्या क्लिपचा फ्रेमदर तपासावा. २५, ५० की ५९.९४, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.
५. त्यानंतरच टाइमलाइन तयार करावी. पहिली क्लिप टाकली की सॉफ्टवेअर बहुधा तिचाच दर टाइमलाइनला लावते, हे ध्यानात ठेवावे.

संथ गती कशी मिळवावी

टाइमलाइन २५ फ्रेमची असेल आणि ५० फ्रेमची क्लिप तिच्यावर तशीच ठेवली, तर सॉफ्टवेअर एकाआड एक फ्रेम सोडून देते व दृश्य नेहमीच्या गतीने चालते. संथ गतीसाठी 'ही क्लिप २५ फ्रेमची आहे असे समज' अशी आज्ञा द्यावी लागते. प्रीमियरमध्ये ती 'इंटरप्रिट फुटेज' या नावाने, तर रिझॉल्व्हमध्ये 'क्लिप अॅट्रिब्युट्स'मध्ये सापडते. तसे करताच दृश्याबरोबर आवाजही ताणला जातो. म्हणून सनई, मंगलाष्टके यांचा आवाज मूळ क्लिपमधून वा वेगळ्या रेकॉर्डरवरून घ्यावा. सगळेच चित्रण संथ करण्याचा मोहही आवरावा. भाषणे आणि विधी नेहमीच्या गतीतच शोभतात.

विजेचा दर आणि दिव्यांचा लुकलुकाट

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइट व अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक उजळतात. डोळ्याला हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. १०० फ्रेमने आणि १/१०० शटरने चित्रण केल्यास प्रत्येक फ्रेमला प्रकाशाचे एक पूर्ण आवर्तन मिळते. १२० फ्रेमला ते पूर्ण मिळत नाही आणि मंगल कार्यालयातील दृश्य लुकलुकू लागते. मोबाइलवरील १२० व २४० फ्रेमच्या चित्रणात हा दोष हमखास आढळतो. दिवसाच्या उजेडात ही अडचण येत नाही.

परदेशातून आलेले चित्रण

नांदेडच्या चित्रणकारांपुढे आणखी एक पेच असतो. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनासाठी परदेशांतूनही भाविक येतात. २००८ मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याला आणि दरवर्षीच्या होला महल्ल्याला त्यांची उपस्थिती असते. अमेरिका व कॅनडात ६० हर्ट्झची वीज आणि ५९.९४ फ्रेमची पद्धती आहे. तेथील कॅमकॉर्डरचे चित्रण आपल्या ५० फ्रेमच्या चित्रणात मिसळले, की 'हल्ल्या'तील धावते घोडे मधूनच अडखळल्यासारखे दिसतात. यावर सोपा मार्ग म्हणजे परदेशी कॅमेऱ्यातील दृश्ये शक्यतो संथ गतीसाठी वापरणे. ५९.९४ फ्रेम २५ च्या गतीने दाखवल्यास एकही फ्रेम गळत नाही व गतीही साधारण ४२ टक्के होते. गतक्याच्या प्रात्यक्षिकांना ती शोभून दिसते.

कुस्तीच्या फडालाही हे तंत्र उपयोगी आहे. रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या लातूर जिल्ह्यात कुस्तीचे वेड जुने आहे. डाव नेमका कसा बसला, पाठ टेकली की नाही, हे ५० फ्रेमच्या चित्रणात स्पष्ट पाहता येते.

संगणक अडखळतो तेव्हा

एव्हीसीएचडीत काही ठरावीक फ्रेम पूर्ण साठवल्या जातात आणि मधल्या फ्रेममध्ये केवळ झालेला बदल नोंदला जातो. त्यामुळे फाइल लहान राहते, पण ती उलगडताना संगणकावर ताण येतो. अशा वेळी संकलनापुरती हलकी प्रत, म्हणजे 'प्रॉक्सी', तयार करावी. प्रोरेस वा डीएनएक्सएचआर या प्रकारांत रूपांतर करण्याचाही पर्याय आहे, मात्र त्याला जागा फार लागते. ५० पी चित्रणाचा एक तास प्रोरेस ४२२ मध्ये ११० जीबीच्या घरात जातो.

चित्र दिसते पण आवाज येत नाही, ही तक्रारही नेहमीची. अनेक कॅमकॉर्डर आवाज डॉल्बीच्या एसी-३ प्रकारात नोंदतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये त्याची सोय अंतर्भूत नाही. अशा वेळी चित्रण खराब झाले असे न समजता आवाजाचे रूपांतर करून घ्यावे. मोबाइलच्या चित्रणात फ्रेमदर क्षणाक्षणाला बदलतो व आवाज हळूहळू मागे पडतो. ते आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर दरात आणावे.

जुन्या कॅसेट जपा

हाच विचार जुन्या कॅसेटनाही लागू पडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे दगावली. अनेक गावे पुढे नव्या जागी वसवली गेली. त्याआधीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट कोणाच्या घरी असेल, तर तिच्यात जुना वाडा, जुनी गल्ली आणि आज नसलेली माणसे चालती-बोलती असू शकतात. अशी कॅसेट संगणकावर घेताना तिची ५० फील्ड कायम ठेवावीत. रूपांतर करणारा घाईत निम्मी फील्ड टाकून देतो तेव्हा हालचालीचा निम्मा तपशील कायमचा जातो. फील्डपासून ५० पूर्ण फ्रेम तयार करून घेण्याची सोय आज उपलब्ध आहे. मूळ कॅसेट मात्र त्यानंतरही टाकू नये.

कार्डांच्या बाबतीतही एक नियम कटाक्षाने पाळावा. दोन हार्डडिस्कवरील प्रती उघडून, सुरुवात, मध्य आणि शेवट पाहून खात्री केल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करू नये. उतरवणे चालू असताना वीज गेल्यास फाइल अर्धवट राहते. त्यासाठी यूपीएस हवाच. दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तासाठी कार्ड मोकळे हवे असेल, तर नवे कार्ड विकत घ्यावे. त्याची किंमत हरवलेल्या सप्तपदीच्या तुलनेत काहीच नाही. ग्राहकांनीही संकलित चित्रफितीबरोबर मूळ चित्रणाची एक प्रत मागून घ्यावी आणि ती घरातील दुसऱ्या एखाद्या डिस्कवर ठेवावी.